सोनार ठरला, वय कोण ठरवणार?

नाशिकचे नाव नासिकेवरून पडले ही कथा इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणाने शूर्पणखेचे नुसते नाक नव्हे, कानही कापले आहेत. गावाने नाक लक्षात ठेवले आणि कान सराफ बाजारावर सोपवले. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे भेटतात त्या द्वारका चौकातून सारडा सर्कलमार्गे जुन्या नाशकात शिरले, की गोदाकाठच्या सराफ बाजारापर्यंत पोचायला फार वेळ लागू नये. (द्वारकेची कोंडी ओलांडावी लागते, म्हणून ‘नये’ म्हटले.) द्वारकेच्या आसपास राहणाऱ्या आई-बापांपुढे मुलाचे कान टोचायला आज सराफ, बालरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ आणि ब्यूटी पार्लर असे निदान चार पर्याय असतात. त्यांतला कोणता निवडायचा यावर घरात भरपूर बोलणे होते. केव्हा टोचायचे यावर फारसे होत नाही, कारण ते ठरलेलेच असते: बारशाला, नाहीतर आजी म्हणेल तेव्हा. माझे म्हणणे असे की खरा प्रश्न ‘केव्हा’ हाच आहे. तो सोडवताना पंचांगाच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात. दागिना हवा आहे कोणाला, आणि जखम सांभाळणार कोण? दोन्हींचे उत्तर ‘मूल स्वतः’ असे येईपर्यंत थांबावे. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते सात ते दहा वर्षांच्या दरम्यान येऊ शकते.

मराठीत याबद्दल एक पक्की म्हण आहे. सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत. शहाणपणाची गोष्ट अधिकारी माणसाने सांगितली तर ती पटते, हा तिचा लक्ष्यार्थ; पण वाच्यार्थही खोटा नाही. ज्याचा हात रोज तारेवर चालतो त्याने अणकुचीदार टोकाची सोन्याची तार एका झटक्यात पाळीतून काढून तिचीच बाळी वळवावी, हे कसब मोठेच. मात्र म्हण कोणी टोचावे एवढेच सांगते. वयाबद्दल ती गप्प आहे, आणि त्या गप्प बसण्यावरच आपण बाराव्या दिवसाचा रिवाज उभा केला आहे.

हा रिवाज शास्त्राचा म्हणून सांगितला जातो, तेव्हा शास्त्र उघडून पाहायला हरकत नसावी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कर्णवेधाचाच आहे. रक्षण आणि भूषण असे दोन हेतू सांगून सुश्रुत वय सांगतो ते सहाव्या किंवा सातव्या महिन्याचे. बाराव्या दिवसाचे नाही. पुढचे वर्णन तर एखाद्या चांगल्या दवाखान्यात भिंतीवर लावण्यासारखे आहे. मूल दाईच्या मांडीवर असावे, त्याला खेळण्यांनी रमवावे, वैद्याने डाव्या हाताने कान ताणून उन्हात धरावा आणि पाळीत नैसर्गिक पातळ जागा दिसेल तिथेच उजव्या हाताने सरळ टोचावे. पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरीने. रक्त फार आले किंवा वेदना वाढली तर जागा चुकली असे समजावे. मग भोकात कापसाची वात घालायची, तेल सोडायचे, आणि दर तीन दिवसांनी वात थोडी जाड करत जायची. चुकीच्या शिरेला धक्का लागला तर ताप, सूज, दाह येतो हेही तो सांगतो. शिवाय याच अध्यायात फाटलेली पाळी सांधण्याच्या पंधरा रीती येतात आणि लगेच कापलेले नाक नवे करण्याची शस्त्रक्रिया. म्हणजे कान टोचणे हे सुश्रुताच्या लेखी शल्यकर्म होते, बिघडलेच तर दुरुस्तीची तयारी ठेवून करायचे. नाक दुरुस्तीची ती परंपरा 1793 साली पुण्यात इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिली, 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे वर्णन छापून आले आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला त्यातून चालना मिळाली. एवढ्या अभिमानाच्या वारशातून आपण मुहूर्त तेवढा उचलला, तोही बदलून.

बाराव्या दिवसाला आधुनिक वैद्यकाचा आक्षेप आहे, पण तो पूर्वी होता तोच नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. धनुर्वाताची भीती आता बरीच ओसरली आहे. गरोदरपणात आईला दिलेल्या लसीचे संरक्षण बाळाला मिळते, आणि माता व नवजात बालकांमधील धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताबाबत 2015 मध्ये जाहीर झाले. खरी अडचण वेगळी आहे. पहिल्या महिन्यात बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. मोठ्या मुलाच्या कानाला पू झाला तर मलम पुरते. तीन आठवड्यांच्या बाळाला कशानेही ताप आला तरी डॉक्टर त्याला दाखल करून रक्त तपासतात, कारण त्या वयात जंतू रक्तात पसरायला वेळ लागत नाही. शिवाय बाळाची स्वतःची धनुर्वात आणि कावीळ-ब यांविरुद्धची पंचसंयोगी लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असते. म्हणून ज्यांना तान्हेपणीच टोचायचे आहे त्यांनी निदान तिसरा डोस होऊ द्यावा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना एक पाऊल पुढे जाते: काळजीपूर्वक केले तर कोणत्याही वयात धोका कमीच, तरी मुलाला स्वतःचा कान सांभाळता येईपर्यंत थांबणे बरे. पाळीची जखम भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात झबल्यात अडकणारी बाळी, सुटून तोंडात जाऊ शकणारी फिरकी आणि कान ओढणारी इवली मूठ, या सगळ्यांवर डोळा ठेवायचे काम बाळंतिणीच्या वाट्याला येते.

यावर सगळ्यांत जुना युक्तिवाद असा की तान्ह्याला दुखत नाही, दुखले तरी आठवत नाही. पहिला भाग साफ चूक आहे. 1980 च्या दशकापर्यंत डॉक्टरही असेच मानत आणि नवजात बाळांवर पुरेशा भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत. डॉ. कंवलजीत आनंद यांनी 1987 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या लेखाने ही समजूत मोडायला मोठी मदत केली. दुसऱ्या भागात थोडे तथ्य आहे, कारण प्रसंग आठवत नाही. पण 1997 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जन्मानंतर भुलीशिवाय सुंता झालेली मुले चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा अधिक रडताना दिसली. सुंता आणि पाळीतली बारीक तार एका मापाने मोजता येत नाहीत, तरी ‘आठवत नाही’ म्हणजे ‘काही उरत नाही’ असे नव्हे, एवढे त्यातून निघते. आणि उद्या आठवणार नाही म्हणून आज दुखवावे, हा न्याय आपण मोठ्या माणसाला लावत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. थांबायचे तर किती? काही लोकांच्या त्वचेवर जखमेच्या जागी गाठीसारखा व्रण वाढत जातो. त्याला केलॉइड म्हणतात आणि काढला तरी तो पुन्हा येऊ शकतो. 2005 मधल्या एका अमेरिकी पाहणीत अकरा वर्षांच्या आत टोचून घेतलेल्यांपेक्षा त्यानंतर टोचलेल्यांत केलॉइडचे प्रमाण बरेच अधिक आढळले. पाहणी छोटी होती, आणि मुळातच ही प्रवृत्ती असलेल्या लोकांची होती. पण आई-बाप किंवा भावंडांपैकी कोणाला असे व्रण येत असतील त्यांनी ती विसरू नये. म्हणूनच मी ‘अठरा वर्षे थांबा’ म्हणत नाही. इंग्लंडमध्ये 2015 साली तान्ह्यांचे कान टोचण्यावर बंदी घालावी म्हणून हजारोंनी सह्या केल्या. तो सूर इथे आणण्याचेही कारण दिसत नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 27, म्हणजे जुन्या दंड संहितेतले 89, बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देते. त्याच वेळी 1992 मध्ये आपण स्वीकारलेला बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मुलाला त्याच्याविषयीच्या बाबतीत मत मांडू द्यावे, असे म्हणतो. दोन्ही एकत्र वाचले तर आई-बापांचा अधिकार जात नाही; तो विचारून वापरावा लागतो.

परंपरा बुडेल ही भीती उरते. पण परंपरा कधीच एकसारखी नव्हती. पेशवाईतल्या चित्रांत पुरुषांच्या कानांत मोती झळकतात. आज बहुतेक घरांत टोचणे मुलीपुरते उरले आणि त्याबद्दल कोणी शोक करत नाही. त्र्यंबकेश्वर ज्यांच्या आठवणींनी भारलेले आहे त्या नाथपंथात कान चिरून कुंडले घालण्याची दीक्षा आहे, आणि ती पाळण्यातल्या बाळाला नव्हे, पंथात येऊ पाहणाऱ्या शिष्याला मिळते. कान टोचल्याने बुद्धी तल्लख होते, अमुक शीर दाबली जाते, हेही ऐकू येते. त्याला पुरावा नाही. असता तर आपण मुलग्यांना इतक्या सहज वगळले नसते.

वय ठरले की मग म्हणीकडे वळावे. खटक्याचे पिस्तूल बोथट खिळा जोराने रेटते आणि त्याचे प्लास्टिकचे भाग दवाखान्यातल्या वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करता येत नाहीत. कानाच्या वरच्या कुर्चेला तर ते लावूच नये. तिथे रक्तपुरवठा कमी असतो आणि 2000 साली अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात एका दुकानातून अशा टोचण्यामुळे जंतुसंसर्गाची साथ पसरली होती. स्वस्त खड्याच्या कुड्यांत निकेल असते आणि त्याची खाज एकदा जडली की जन्मभर सोबत करते. युरोपने त्यासाठी 1994 पासून निर्बंध आणले. चोख सोन्याची तार म्हणून आजही चांगली. फक्त हॉलमार्कचा आग्रह धरताना हे माहीत असावे की 2021 पासून लागू झालेल्या सक्तीतून दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने वगळले आहेत, आणि बाळ्या त्यातच बसतात. तिथे शेवटी ओळखीच्या सराफाचा शब्दच. त्याचे हात धुतलेले आहेत का आणि तार कशाने निर्जंतुक केली, हे मात्र ओळख असली तरी विचारावे. बधिर करणारे मलम लावायचे तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने.

आठ वर्षांची मुलगी स्वतः हट्ट करून दुकानात जाते, पहिला कान टोचला जातो आणि ती म्हणते, दुसरा नको. विचारून टोचण्याची खरी परीक्षा इथे होते. आई म्हणते, आता एवढे झालेच आहे. आजी हात धरते. सोनार तार पुसून तयार असतो. ‘हो’ म्हणण्याच्या हक्कात अर्ध्यावर ‘नाही’ म्हणणेही येते, आणि जखम भरल्यावर ती पुन्हा आली तर दुसरा कान कुठे पळून जात नाही. तोवर एका कानात बाळी घालून द्वारकेच्या कोंडीतून घरी परतायला लाज वाटण्याचे कारण नाही. भिकबाळीही एकाच कानात असते.