कायद्याचं कूळ शोधताना

बॉस्टन शहरासाठी १७८३ साली झालेला एक कायदा आहे. दारू ठासलेली बंदूक घरात, गोठ्यात, कोठारात किंवा दुकानात नेऊन ठेवायची नाही. कारण प्रस्तावनेतच दिलंय: आग लागली, तर विझवायला आलेल्यांच्या जिवाशी खेळ. वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात घरात पिस्तूल ठेवण्यावरच्या बंदीविरुद्धच्या २००८च्या हेलर खटल्यात हाच कायदा दोन्ही बाजूंनी वाचला गेला. न्या. ब्रायर यांच्या मते, तेव्हाही घरातल्या बंदुकीवर बंधनं होती, याचा हा पुरावा. न्या. स्कालिया म्हणाले, हा तर आगीपासून बचावाचा कायदा. स्वसंरक्षणाच्या हक्काशी त्याचा काय संबंध? निकालपत्र आणि मूळ कायदा शेजारी ठेवून वाचले, तर दोघंही खोटं बोलत नाहीत.

२०२२च्या ब्रूएन निकालानंतर जुने कायदे वाचण्याचं हे काम फारच वाढलं. बंदुकीवरचा आजचा निर्बंध टिकवायचा, तर देशाच्या जुन्या परंपरेत त्याचं कूळ सरकारने दाखवायचं. जुळा भाऊ नसला तरी चालेल, नात्यातला हवा. मग वकिलांचे सहायक, शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत आला त्या १७९१च्या आगेमागे झालेले कायदे चाळत बसतात. जुन्या छपाईतला लांब ‘एस’ संगणकाला ‘एफ’ वाटतो, त्यामुळे नेमका शब्द टाकूनही शोध कोरडा जातो. मिसिसिपीतले न्यायाधीश कार्लटन रीव्ह्ज यांनी तर त्याच वर्षी पक्षकारांना विचारलं, की न्यायालयाने एखादा इतिहासकारच नेमावा का? चेष्टा वाटते, पण प्रश्न रास्त होता.

खरी कसोटी रहिमी खटल्यात लागली. जोडीदाराला मारहाणीचा धोका असल्याने न्यायालयाने मनाई हुकूम दिलेल्या माणसाकडे बंदूक असावी का? १७९१ साली बायकोला मारणाऱ्याची बंदूक काढून घेणारा कायदा सापडत नाही. सापडेल कसा? कायदे करणाऱ्या सभागृहांत बायका नव्हत्याच. कागदावर काही नाही म्हणजे तेव्हा मुभा होती, हे अनुमान मला फार घाईचं वाटतं. सापडला तो मुचलका: कोणापासून भीती असेल, तर दंडाधिकाऱ्याकडे जाऊन त्या माणसाकडून शांततेची हमी लिहून घ्यायची. नवऱ्याविरुद्ध बायकोलाही तो मागता येई, असं जुन्या काळचा इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनने नोंदवलंय. मुचलका आणि शस्त्र घेऊन दहशत घालण्याविरुद्धचे जुने कायदे एकत्र धरून सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी २०२४ साली अशा माणसाकडे बंदूक असण्यावरची बंदी उचलून धरली. निकाल आठ विरुद्ध एक.

तो एक म्हणजे ब्रूएनचा निकाल लिहिणारे न्या. थॉमस. मुचलका दिला की बंदूक त्याच्याजवळच राहायची, मग हे नातं कसलं, हा त्यांचा आक्षेप. आणि निव्वळ कागद बघितला तर तो बिनतोड आहे. उरलेल्या आठांचं तरी कुठे जमलं? निकालाशी सहमत होऊनही पाच स्वतंत्र मतं जोडली गेली, आणि बहुतेकांचा विषय एकच: इतिहास वाचायचा कसा.