नमुना किती वाजता घेतला?

सकाळी साडेआठ. पावसाळ्यात जिल्हा रुग्णालयाच्या लॅबमध्ये आल्याआल्या कालच्या प्लेट्स इन्क्युबेटरमधून काढायच्या. एका मॅकॉन्कीवर नुसत्या ई. कोलायच्या गुलाबी वसाहती. रुग्णाला मात्र रक्ताची आव. अशा आवेच्या शिगेला जंतूची फिकट वसाहत शोधून डोळे दुखले. फॉर्म उलटून पाहिला: नमुना घेतल्याची वेळ कोरी.

नऊला वॉर्डातली डबी आली, अजून कोमट. भाताच्या पेजेसारखे जुलाब. लगेच थेंब मायक्रोस्कोपखाली. कॉलऱ्याचे जंतू असतील तर सुसाट पळताना दिसतात, पण थेंब ताजा हवा.

साडेदहा. प्राथमिक आरोग्य केंद्राची गाडी. साध्या डबीतला नमुना पहाटेचा. डबी बंद केली म्हणून आतले जंतू थांबत नाहीत. आम्लता वाढत जाते, शिगेला त्यात पटापट मरते आणि ई. कोलाय माजतो. म्हणून साधा नमुना दोन तासांच्या आत लावायचा, नाहीतर कॅरी-ब्लेअरमध्ये पाठवायचा. त्या माध्यमात खायला जवळजवळ काही नाही, म्हणून कुणी फारसं वाढत नाही. आणि ते अल्कधर्मी, पीएच ८.४च्या आसपास, म्हणून आम्लता आवरते. स्वॅब तळापर्यंत खुपसायचा, वर उरलेली काडी मोडायची, झाकण घट्ट लावायचं. इतकं सोपं, तरी निम्म्या काड्या वरच अडकलेल्या.

केंद्रातल्या सिस्टरना फोन लावला. "सर, फ्रीजमध्येच ठेवला होता की पहाटे! बर्फाच्या कप्प्यात."

"तिथे नको हो सिस्टर, खालच्या कप्प्यात. गोठला की जंतू मरतात."

कॉलऱ्याचं तंत्र आणखी वेगळं. कॅरी-ब्लेअरमध्ये तो खोलीच्या तापमानालाही तगतो. थंडीच त्याला सोसत नाही. शिगेलाला मात्र गारवा हवा. गाडीत आईस बॉक्स एकच, मग सिस्टरनी तरी करायचं काय?

अकराला संशयित नमुने अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये टाकले. सहा ते आठ तासांत कॉलऱ्याचे जंतू पृष्ठभागाशी जमतात.

दुपार एक्सएलडी, मॅकॉन्कीच्या प्लेट्स आणि रजिस्टरात गेली.

पाचला नळीच्या वरच्या थरातून लूप भरून टीसीबीएस प्लेटवर रेघा ओढल्या. कॉलरा असेल तर उद्या पिवळ्या वसाहती.

मग सकाळच्या त्या प्लेटचा रिपोर्ट. 'रोगकारक जंतू आढळले नाहीत' असं लिहून मोकळं होता येतं. मी लिहिलं: 'नमुना घेतल्याची वेळ नमूद नाही, कॅरी-ब्लेअरमध्ये पुन्हा पाठवा.' डॉक्टरांचा फोन आला, "अहो, अँटिबायोटिक काल संध्याकाळीच सुरू केलं." म्हटलं, तरी पाठवा, आणि वेळ लिहा.