धोक्याचीही खतावणी ठेवा

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. वादळ नव्हते, संपही नव्हता. ते टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होते आणि त्या समूहाच्या संगणकांत 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम शिरला होता. तो पसरला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. मर्स्कला ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर सांगितला. तिच्या जाळ्याची मूळ नोंद सगळीकडून पुसली गेली, फक्त घानातील कचेरीत एक प्रत शाबूत राहिली. कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती!

व्यापारी बांधवांनो, दरवेळी वीज अशी मदतीला येणार नाही. म्हणून आधीच आखणी हवी. अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी संस्थेने २०१४ साली त्यासाठी एक चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात पाच कामे होती: ओळखणे, जपणे, हेरणे, तोंड देणे आणि पूर्ववत करणे. २०२४ साली सहावे आले, कारभार. म्हणजे जबाबदारी मालकाची. संगणकवाल्या पोऱ्यावर सोपवून मोकळे होता येणार नाही.

नावे जड वाटतात, पण काम आपल्या ओळखीचे आहे. उधारी देताना आपण दोन गोष्टी पाहतो: पैसे बुडण्याचा संभव किती, आणि बुडाले तर फटका किती. येथेही तेच. प्रथम यादी करावी. हिशेबाचा संगणक, मोबाईल, बँकेचे पासवर्ड, आणि ते कोणाकोणाच्या हातात आहेत. नोकरी सोडून गेलेल्या गुमास्त्याकडे जुना पासवर्ड अजून असतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

मोठा धोका साध्या ई-मेलचा आहे. सूतवाल्या पेढीच्या नावाने पत्र येते, 'आमचे बँक खाते बदलले आहे.' अशा वेळी पत्रातल्या नंबरावर नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरावर फोन करून खात्री करावी. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब कळवावे. संगणक हल्ल्याची खबर कंपन्यांनी ६ तासांत 'सर्ट-इन'ला द्यावी, असा २०२२ चा सरकारी आदेश आहे.

हिशेबाची एक प्रत रोज वेगळ्या डिस्कवर उतरवून ती संगणकापासून काढून ठेवावी. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहावी. प्रत आहे, पण उघडत नाही, हे संकटाच्या दिवशी कळून काय उपयोग?