पगार कारखान्यातला, गाणं रविवारचं

१९४८ साली शिकागोत राहणाऱ्या रोबक स्टेपल्सला कुणी 'काय करता?' असं विचारलं असतं, तर 'गवई आहे' असं उत्तर आलं नसतं. मांसाचे कारखाने, पोलादाची भट्टी, बांधकाम, अशा मिळेल त्या ठिकाणी राबून तो चार मुलांचं घर चालवत होता. बायको ओसिओला एका हॉटेलात कामाला होती. गाणं व्हायचं ते रविवारी, चर्चमध्ये, घरच्याच पोरांना घेऊन. याच घरगुती चमूनं पुढे 'द स्टेपल सिंगर्स' या नावानं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दोनदा पहिला क्रमांक मिळवला. पण त्यांचं गाणं घडलं ते त्याआधी, नोकरी सांभाळून गायलेल्या नऊ वर्षांत.

रोबकचा जन्म २८ डिसेंबर १९१४ चा, मिसिसिपी राज्यातला. थोरल्या भावाचं नाव सीअर्स, याचं रोबक. टपालानं माल विकणाऱ्या 'सीअर्स, रोबक' या प्रसिद्ध कंपनीचं नाव आईवडिलांनी दोघांत वाटून टाकलं होतं. कुटुंब वाट्यानं शेती करणारं. मुक्काम डॉकरी नावाच्या कापसाच्या प्रचंड मळ्यावर. याच मळ्यावर चार्ली पॅटन हा ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लौकिक गाण्यांचा, आद्य गायक-वादक राहायचा आणि वाजवायचा. पुढे ब्लूजमध्येच गाजलेला हाउलिन वुल्फही त्याच परिसरात वाढत होता. पोरवयातला रोबक त्यांची गिटार ऐकून ऐकून शिकला. शनिवारी रात्री ब्लूज आणि रविवारी सकाळी चर्च, हा तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीचा आठवडा. चर्चमधल्या पापभीरू मंडळींच्या लेखी ब्लूज म्हणजे सैतानाचं संगीत. रोबकनं मात्र हात ब्लूजचा ठेवला आणि शब्द देवाचे घेतले. पुढची सगळी कमाई या एका निवडीची.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांबरोबर रोबकही बायकोमुलांसह शिकागोत आला. तिथं 'ट्रम्पेट ज्युबिलीज' या हौशी मंडळीत रोबक गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं, गात होता. पण तालमीला कधी दोन जण यायचे, कधी तीन. शेवटी वैतागून त्यानं ती मंडळी सोडली, कित्येक वर्षांनी एक गिटार घेतली तीही गहाणवटीच्या दुकानातून, आणि मुलांना जमिनीवर गोल बसवून प्रत्येकाला एकेक स्वर नेमून दिला. क्लिओथा, पर्व्हिस, इव्हॉन आणि सर्वांत धाकटी मेव्हिस. ही पोरं तालमीला दांडी मारून जाणार कुठे! १९४८ मध्ये ती पहिल्यांदा चर्चमध्ये गायली. लोकांनी पुन्हा पुन्हा बोलावलं, पण नीट बसलेलं गाणं एकच. तेच परत म्हणावं लागलं, अशी आठवण मेव्हिसनं अनेकदा सांगितली आहे. वडिलांना मुलं 'पॉप्स' म्हणत. पुढे जगही त्याला तेच म्हणू लागलं.

शिकागोतलं तेव्हाचं गॉस्पेल दणदणीत होतं. पियानो, ऑर्गन, टिपेला पोचलेले आवाज. स्टेपल्स कुटुंबाचा बाज उलटा. एक विजेची गिटार, टाळ्या आणि मिसिसिपीच्या खेड्यातली संथ, जुन्या वळणाची स्वरसंगती. पॉप्स अॅम्प्लिफायरमधली ट्रेमोलोची सोय वापरायचा. तिच्यामुळे आवाजाची पातळी भराभर कमीजास्त होत राहते आणि एकच तार छेडली तरी सूर थरथरत लांबतो. मोजक्या सुरांनी खूप जागा भरायची, हे पॅटनच्या परंपरेचं शिक्षण. या संथ थरथरीतून मेव्हिसचा आवाज यायचा, खोल आणि खरखरीत. तबकडी ऐकणाऱ्या अनेकांना हा कुणी पुरुष गातोय असंच वाटे. समोर शाळकरी मुलगी पाहिली की ते चकित होत.

शाळेच्या बाबतीत पॉप्स कडक होता. कार्यक्रम आठवड्याच्या अखेरीला. सोमवारी मुलं वर्गात आणि बाप कामावर. आपल्याकडे गिरणगावात पाळी संपवून भजनी मंडळात बसणारा कामगार जसा बिदागीवर अवलंबून नव्हता, तसंच हेही घर. याचा फायदा लवकरच दिसला. १९५३ मध्ये 'युनायटेड' या शिकागोच्या कंपनीनं त्यांच्याशी करार केला. पण कंपनीला या पोरांकडून बाजारात खपणारी लौकिक गाणी हवी होती. पॉप्सनं साफ नकार दिला आणि करार संपेपर्यंत वाट पाहिली. पोट गाण्यावर असतं तर हा नकार परवडला नसता. कारखान्याच्या पगारानं त्यांच्या गाण्याला दोन वर्षांचं संरक्षण दिलं.

नंतर 'व्ही-जे' ही कृष्णवर्णीय जोडप्यानं चालवलेली कंपनी मिळाली आणि १९५६ मध्ये 'अनक्लाउडी डे' हे एकोणिसाव्या शतकातलं भक्तिगीत त्यांनी आपल्या ढंगात ध्वनिमुद्रित केलं. ते चांगलंच खपलं. रात्रीच्या रेडिओवर ते ऐकणाऱ्यांत मिनेसोटाचा एक मुलगा होता. त्याचं नाव पुढे बॉब डिलन झालं. १९५७ मध्ये मेव्हिसचं शालेय शिक्षण संपलं, तेव्हा कुठे पॉप्सनं नोकरी सोडली.

पूर्णवेळ झाल्यावर त्यांच्या गाण्याचा विषय रुंदावला. अलाबामातल्या माँटगोमेरीत नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रवचन ऐकल्यावर पॉप्सनं मुलांना सांगितलं की हे जर व्यासपीठावरून बोलता येतं, तर आपल्याला गाताही येईल. लिटल रॉक शहरातल्या गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश नाकारल्या गेलेल्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर त्यानं गाणं रचलं. ते किंग यांच्या खास आवडीचं. कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या १९६५ च्या सेल्मा मोर्चानंतर 'फ्रीडम हायवे' हे गाणं आलं आणि शिकागोच्या एका चर्चमध्ये, भाविकांसमोरच ते ध्वनिमुद्रित झालं.

१९६८ मध्ये ते मेम्फिसच्या 'स्टॅक्स' कंपनीत गेले. 'रिस्पेक्ट युअरसेल्फ' १९७१ मध्ये गाजलं, १९७२ मध्ये 'आय'ल टेक यू देअर' यादीत पहिलं आलं, आणि १९७५ मध्ये कर्टिस मेफील्डनं रचलेलं 'लेट्स डू इट अगेन'ही. चर्चच्या लोकांनी 'सैतानाचं संगीत' हा जुना आरोप आता त्यांच्यावर केला. मेव्हिसचं उत्तर ठरलेलं असे: शब्द नीट ऐका. 'आय'ल टेक यू देअर'मध्ये रेगेचा ठेका आहे, अलाबामातल्या मसल शोल्सच्या व्यावसायिक वादकांचा सफाईदार मेळ आहे. मेव्हिस मध्येच बाबांना वाजवायची साद घालते; पण त्या जागी ऐकू येणारी गिटार पॉप्सची नाही, एडी हिंटन या स्टुडिओतल्या वादकाची आहे.

१९९९ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नं या कुटुंबाचा गौरव केला. पॉप्स १९ डिसेंबर २००० रोजी गेला. क्लिओथा २०१३ मध्ये, इव्हॉन २०१८ मध्ये आणि पर्व्हिस २०२१ मध्ये गेला. मेव्हिस ऐंशी ओलांडल्यावरही गात राहिली.

'आय'ल टेक यू देअर' उत्तम आहे, यात वाद नाही. पण त्यात अनेकांचे हात आहेत. स्टेपल्स घराणं काय होतं हे कळायला १९५६ चं 'अनक्लाउडी डे' आधी ऐकावं. त्यात गाणारा बाप तेव्हा नोकरदार होता आणि मुख्य आवाजाची मुलगी शाळेत होती. त्यानंतर सत्तरच्या दशकातली गाणी लावा; कमावलं काय आणि सोडलं काय, दोन्हींचा हिशेब तुमचा तुम्हालाच लागेल.