हाडांआधी कागद

१९८४ च्या सुरुवातीला अर्जेंटिनातल्या दफनभूमींत जे चालले होते त्याला शोध म्हणणे कठीण आहे. लष्करी राजवट डिसेंबर १९८३ मध्ये संपली, राऊल आल्फोन्सिन निवडून आले, आणि मागच्या सात वर्षांत घरातून, रस्त्यावरून, कारखान्याच्या दारातून उचलून नेलेल्या माणसांचे नातेवाईक न्यायालयांत अर्ज करू लागले. दफनभूमीच्या नोंदवहीत ज्या थडग्यांपुढे नावाच्या जागी 'एन. एन.' एवढीच अक्षरे होती, ती उघडण्याचे हुकूम न्यायाधीश देत. मग नेहमीचे खड्डे खणणारे मजूर फावडी घेऊन, काही ठिकाणी तर मातीकामाचे यंत्र लावून, ते खड्डे उपसत. कवट्या फुटल्या, दोघातिघांची हाडे एका ढिगात गेली, दात आणि बंदुकीच्या गोळ्या मातीबरोबर फेकल्या गेल्या. सरकारी डॉक्टरांकडे जावे, तर त्यांच्याच खात्यातल्या काहींनी राजवटीच्या काळात अशा प्रेतांच्या दाखल्यांवर निमूट सह्या केल्या होत्या. नातेवाईक त्यांच्यावर विश्वास कसा ठेवणार?

बेपत्ता माणसांच्या चौकशीसाठी कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेला आयोग आणि पळवलेली नातवंडे शोधणाऱ्या आज्यांची संघटना या दोघांनी अमेरिकेतल्या वैज्ञानिकांकडे मदत मागितली. त्या वर्षी आलेल्या पथकात ओक्लाहोमाचे न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो होते. शिकागोजवळच्या जॉन वेन गेसी या खुन्याच्या घराखाली सापडलेल्या मुलांची ओळख पटवण्यात त्यांचा हात होता. त्यांनी आधी ही उकराउकर थांबवा असे सांगितले. नंतर पुरातत्त्वशास्त्रज्ञ जशी जमीन थराथराने उघडतात तशी थडगी उघडायला ते माणसे शोधू लागले. प्रस्थापित मंडळी पुढे येईनात; लष्कर परत येणारच नाही याची खात्री तेव्हा कुणाला होती? आले ते मानवशास्त्राचे आणि वैद्यकाचे विद्यार्थी. लुईस फोंदेब्रिदर, मेर्सेदेस दोरेत्ती, पात्रिसिया बेर्नार्दी, मोरिस तिदबॉल-बिन्झ ही त्यांतली नावे. यातूनच अर्जेंटिनाचे न्यायवैद्यक मानवशास्त्र पथक उभे राहिले. जगातल्या अनेक देशांनी पुढे जिची रीत उचलली, ती ही संस्था.

ओळख पटवणे म्हटले की आज डोळ्यांपुढे डीएनएची प्रयोगशाळा येते, आणि त्यातच एक गैरसमज दडलेला आहे. प्रयोगशाळा दोन गोष्टी जुळतात की नाही एवढे सांगते. कोणती हाडे कोणत्या घराशी ताडून पाहायची, हे तिला कुणीतरी आधी सांगावे लागते. या पथकाचे खरे कसब त्या आधीच्या कामात आहे, आणि ते बरेचसे कारकुनी आहे. लष्कराने माणसे गुप्तपणे मारली, पण प्रेतांची विल्हेवाट पुष्कळदा रोजच्या सरकारी वाटेनेच लावली. रस्त्यात प्रेत 'सापडले' की पोलीस येत, बोटांचे ठसे घेत, पोलिसांचा डॉक्टर मृत्यूचे कारण लिहून देत असे, नगरपालिका खड्डा देई आणि वहीत ओळ पडे. जो माणूस अस्तित्वातच नाही असे सरकार त्याच्या आईला सांगत होते, त्याच्या ठशांची फाईल त्याच सरकारच्या कपाटात होती. पथकाने या वह्या वाचल्या. कोणत्या छळछावणीतून कोणत्या आठवड्यात माणसे 'हलवली' हे सुटून आलेल्यांना विचारले, आणि त्याच आठवड्यात कोणत्या दफनभूमीत किती अनोळखी प्रेते आली हे त्यापुढे मांडले. त्यातून अंदाज बांधायचा: या ओळीतल्या या तीन खड्ड्यांत अमुक गटातली माणसे असावीत. मग घरच्यांना विचारायचे की उंची किती, लहानपणी हात मोडला होता का, दातांत कुठे काय भरले होते. त्यानंतर फावडे.

या पद्धतीचा कस आवेल्यानेदाच्या दफनभूमीत लागला. ब्यूनस आयर्सला लागून असलेल्या त्या गावच्या सार्वजनिक दफनभूमीचा एक कोपरा, सेक्टर १३४, राजवटीने भिंत घालून वेगळा काढला होता. १९८८ ते १९९२ या काळात तिथून ३३६ सांगाडे निघाले आणि त्यांच्यासोबत बंदुकीच्या गोळ्यांचा ढीग. त्यांत नैसर्गिक मृत्यू आलेले, कुणी वाली नसलेले गरीब म्हातारेही होते. म्हणजे कोण खून झालेले आणि कोण नुसतेच बेवारस, हे आधी वेगळे करायचे होते. त्या काळात जुन्या हाडांतून डीएनए काढणे महागडे आणि बेभरवशाचे होते. त्यामुळे यांतले बहुसंख्य सांगाडे पुठ्ठ्याच्या खोक्यांत वर्षानुवर्षे थांबून राहिले. २००७ मध्ये नातेवाईकांचे रक्ताचे नमुने गोळा करण्याची मोठी मोहीम निघाली, हाडांचे नमुने अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत एकगठ्ठा गेले, आणि मग नावांचा वेग वाढला. ही वाढ प्रयोगशाळेची खरीच, पण खोक्यांवर खड्ड्याची जागा, थर आणि तारीख नीट लिहिलेली नसती तर त्या नावांना न्यायालयात फारशी किंमत उरली नसती.

न्यायालयाचा उल्लेख मुद्दाम केला. लष्करप्रमुखांवर १९८५ मध्ये खटला चालला तेव्हा स्नो यांनी साक्षीत एका तरुणीच्या सांगाड्याच्या पारदर्शिका पडद्यावर दाखवल्या. गरोदर असताना तिला उचलले होते. बाळंतपण होऊ दिले, आणि नंतर जवळून डोक्यात गोळी घातली. चकमकीत मेली, ही सरकारी गोष्ट तिथे उघडी पडली. ओटीपोटाच्या हाडावरच्या खुणांवरून बाळंतपण ओळखण्याबाबत आजचे शास्त्र त्या वेळेपेक्षा सावध आहे, हे नमूद करायला हवे. पण त्या प्रकरणात छावणीतून सुटलेल्यांच्या साक्षीही होत्या, आणि तिचा मुलगा २००८ मध्ये सापडला.

या सगळ्या कामावरचा सर्वांत धारदार आक्षेप लष्कराकडून आला नाही, तो बेपत्तांच्या आयांकडून आला. प्लाझा दे मायो या चौकात फेऱ्या मारणाऱ्या आयांच्या संघटनेत १९८६ मध्ये फूट पडली. एबे दे बोनाफिनी यांच्या गटाने थडगी उकरायला, सरकारी भरपाई घ्यायला आणि स्मारके बांधायला ठाम नकार दिला. त्यांची मागणी एकच होती: जिवंत नेलेत, जिवंत परत द्या. हाडांचे गाठोडे हाती ठेवले की आई शोक करायला घरी जाते, रस्ता रिकामा होतो, आणि कुणी मारले हा प्रश्न एका कुटुंबाच्या दुःखात विरघळून जातो. हा हट्ट वेडेपणाचा नव्हता. १९७९ मध्ये लष्करानेच एक कायदा काढून बेपत्ता माणसांना मृत मानण्याची सोय करून ठेवली होती, आणि तसा अर्ज घरच्यांनी केला नाही तरी सरकारने करावा अशी मुभा त्यात होती. ज्या राज्याने मारले तेच मृत्यूचा कागद पुढे करते तेव्हा तो कागद नाकारणे हीच साक्ष असते. त्यात १९८६ आणि ८७ च्या कायद्यांनी खटल्यांची दारे लावली, १९८९-९० मध्ये माफी देऊन दोषी सेनापती सोडले. त्या वर्षांत हाडे ओळखून देणे म्हणजे खुनी मोकळे ठेवून प्रेत तेवढे परत करणे होते, हे आयांचे म्हणणे खोडून काढता येत नाही.

तरीही मला पथकाची बाजू जास्त पटते, आणि त्याचे कारण भावनेत नाही, पुराव्यात आहे. डिसेंबर १९७७ मध्ये आयांच्या संघटनेच्या संस्थापक असुसेना विजाफ्लोर, एस्तेर बालेस्त्रिनो आणि मारिया पोन्से यांना नौदलाच्या माणसांनी पळवले. सोबत आलिस दोमों आणि लिओनी द्युके या फ्रेंच जोगिणीही होत्या. आल्फ्रेदो आस्तिस हा नौदलाचा अधिकारी बेपत्ताचा भाऊ बनून त्यांच्यात शिरला होता. काही दिवसांनी ब्यूनस आयर्सच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर प्रेते लागली, आणि जनरल लावाजे गावच्या दफनभूमीत ती अनोळखी म्हणून पुरली गेली. पथकाने ती थडगी उघडली आणि २००५ मध्ये तिन्ही आया व सिस्टर द्युके यांची ओळख पटली. हाडांवरचे मोड उंचावरून आदळल्याने होतात तसे होते. विमानातून माणसे जिवंत समुद्रात फेकत, हे तोवर कबुलीजबाबांत आणि साक्षींत होते. आता ते नाव असलेल्या शरीरांवर होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते सूट देणारे कायदे घटनाबाह्य ठरवले. आस्तिसला २०११ मध्ये जन्मठेप झाली, आणि उड्डाणांच्या नोंदींवरून हुडकलेल्या विमानाच्या दोन वैमानिकांना २०१७ मध्ये. ओळख पटल्याने न्यायाची मागणी थंडावली नाही, तिला आरोपपत्र मिळाले. आलिस दोमों मात्र आजतागायत सापडलेल्या नाहीत.

आता घरच्यांचे काय होते ते पाहू. इथे भावनेपेक्षा कायदा आधी येतो, कारण बेपत्ता माणसाची बायको ना विधवा असते ना सधवा. घर विकता येत नाही, वारसाहक्क अडतो. आपल्याकडे सात वर्षे काही खबर नसेल तर मृत मानण्याचा नियम आहे, पण तो मृत मानतो, मारला असे म्हणत नाही. अर्जेंटिनाने १९९४ मध्ये 'सक्तीने बेपत्ता केल्यामुळे अनुपस्थित' असा वेगळाच कायदेशीर दर्जा तयार केला. त्याने वारसाहक्क आणि विवाह यांचे प्रश्न सुटतात, आणि मृत्यू मान्य करण्याची सक्ती कुणावर होत नाही. माझ्या मते हा कायदा त्या आयांच्या आक्षेपाला राज्याने दिलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. ओळख पटली की पुढची पायरी येते: न्यायालय निर्णय देते, जुना दाखला दुरुस्त होतो, अवशेष कुटुंबाच्या ताब्यात येतात. बातमी फोनवर सांगून मोकळे होणे पथकाला मान्य नाही. घरच्यांना समोर बसवून कुठे सापडले, किती सापडले, कसे मारले हे सांगतात, आणि पाहायची इच्छा असेल तर सांगाडा मांडून दाखवतात. त्यापुढचे कुटुंबाचे. विजाफ्लोर यांच्या अस्थी ज्या चौकात त्या फेऱ्या मारत तिथल्याच स्तंभापाशी ठेवल्या. बालेस्त्रिनो आणि पोन्से यांना ज्या सांता क्रूस चर्चमधून माणसे पळवली गेली त्याच्याच आवारात जागा मिळाली. तशी परवानगी देणारे आर्चबिशप होर्हे बेर्गोलियो, म्हणजे पुढचे पोप फ्रान्सिस, तरुणपणी बालेस्त्रिनो यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम केलेले.

याने जखम भरते का, हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. दुसरा आक्षेप नेमका इथूनच येतो: इतक्या वर्षांनी कशाला खपली काढता? ज्या आईने तीस वर्षे ताट वाढून वाट पाहिली तिला हाडे मिळाल्यावर बरे वाटेलच असे नाही. वाट पाहणेही संपते, आणि तेही एक गमावणे असते. काही भावंडे हवे म्हणतात, काही नको. पण नको म्हणायलाही आधी कळलेले असावे लागते. खुन्याने नुसता जीव घेतला नव्हता, पुरायचे की जाळायचे, रडायचे की लढायचे, हे ठरवण्याची मोकळीकही घेतली होती. पथक परत देते ते एवढेच, आणि तेही सगळ्यांना देऊ शकत नाही. साबातो आयोगाने सुमारे नऊ हजार बेपत्तांची नोंद केली, मानवाधिकार संघटना तीस हजार म्हणतात. ओळख पटलेल्यांची गणती शेकड्यांत आहे. समुद्रात गेलेले बहुतेक सापडणार नाहीत.

पद्धत जशी अर्जेंटिनात चालली तशी सगळीकडे चालते असे नाही, हे मेक्सिकोने दाखवले. २००५ मध्ये सिउदाद हुआरेसच्या खून झालेल्या स्त्रियांसाठी पथक गेले, तेव्हा चुकीची प्रेते चुकीच्या घरी दिल्याची प्रकरणे निघाली. २०१४ मध्ये आयोत्सिनापाचे ४३ विद्यार्थी नाहीसे झाले, तेव्हा पालकांनी सरकारी तज्ज्ञ नाकारून याच पथकाला आपले म्हणून बोलावले. ते सगळे कोकुलाच्या कचराभूमीवर जाळले, ही सरकारची 'ऐतिहासिक सत्या'ची कथा पथकाने २०१६ मध्ये नाकारली. तेवढी मोठी आग तिथे पेटल्याचा पुरावा नाही, असे सांगितले. लवकर उत्तर मिळावे म्हणून तळमळणाऱ्या आईबापांना हे ऐकवणे सोपे नसते, पण त्यांनी पथकाला बोलावले होते ते यासाठीच. मात्र अर्जेंटिनात खुनी एकच होता आणि तो वह्या लिहीत होता. मेक्सिकोत टोळ्या, पोलीस, सैनिक असे मारणारे अनेक, आणि टोळीच्या खड्ड्याची वही नसते. २०२२ मध्ये तिथल्या सरकारी नोंदीत बेपत्तांचा आकडा एक लाख ओलांडून गेला. दुसरीकडे शवागारांत आणि सरकारी थडग्यांत हजारो अनोळखी प्रेते आहेत, म्हणजे ती सरकारच्या हाती आधीच आलेली आहेत. आईने रक्ताचा नमुना एका राज्यात दिलेला, मुलगा दुसऱ्या राज्याच्या शवागारात क्रमांक होऊन पडलेला, आणि दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींशी न जोडलेल्या, असे तिथे घडत राहते.