हे कोणाला सांगतो आहेस?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे गुरुजी निबंध तपासताना समासात एकच प्रश्न लिहीत : 'हे कोणाला सांगतो आहेस?' यंदा शाळेतील नववीच्या मुलांनी 'कुत्रा चावल्यास काय करावे' या विषयावर मोबाइलवर एक चित्रफीत तयार केली आणि भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे आणली. ती पाहताना गुरुजींचा तोच प्रश्न मला आठवला. लोकहिताची चित्रफीत परिणामकारक कशाने होते, याचे उत्तर माझ्या मते त्या प्रश्नातच आहे.

मुलांची पहिली चित्रफीत चार मिनिटांची होती. गंभीर संगीत, दात विचकणारी कुत्री, 'रेबीज हा प्राणघातक विषाणुजन्य रोग आहे' असे भारदस्त निवेदन आणि अखेरीस सात सूचना. त्यांतील एकही विधान चुकीचे नव्हते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, हे खरेच आहे. परंतु अशा चित्रणाने भीती तेवढी मनात राहते आणि सूचना विसरल्या जातात. भ्यालेले मूल फार तर रस्त्यातल्या कुत्र्याला दगड मारील.

मी मुलांना विचारले, "कुत्रा चावला तरी मुले घरी सांगत का नाहीत?" उत्तरे भराभर आली. आई रागावेल, बाबा म्हणतील, तिकडे गेलासच कशाला, आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील! हे शेवटचे उत्तर ऐकून मी चमकलो. लहानपणी माझ्या पोटरीला कुत्र्याने दात लावले, तेव्हा त्याच चौदा सुयांच्या धाकाने मी दोन दिवस ती गोष्ट दडवून ठेवली होती. ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. आताची लस मोठ्या मुलांना दंडात, ठरलेल्या दिवशी, मोजक्याच मात्रांत देतात. लस गेली, परंतु तिची दहशत घराघरांत उरली. म्हणजे चित्रफितीने दूर करावयाचा अडसर रोगाविषयीच्या अज्ञानाचा नव्हताच. तो सांगण्याच्या भीतीचा होता. हा अडसर ओळखणे, ही पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे एकच कृती, आणि तीही आवाक्यातली. देशात १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पुढे 'दो बूँद ज़िंदगी की' हे शब्द घरोघरी पोहोचले. त्या चार शब्दांत रोगाचे वर्णन नाही. करावयाचे काम किती लहान आहे, एवढेच सांगितले आहे. मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, ते अर्थातच दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या श्रमांमुळे. पण त्यांच्यासाठी दार उघडण्याचे काम अशा शब्दांनीही केले.

तिसरी गोष्ट, बोलणारा कोण? १९७४ मध्ये विजया मुळे यांनी 'एक, अनेक और एकता' हा लघुपट केला. त्यात एक लहान मूल विचारते आणि ताई समजावून सांगते. वडीलधाऱ्यांचा उपदेश कोठेच नाही. विद्यार्थ्यांनी प्रौढ निवेदकाचा आवाज उसना घेतला, की त्यांचे हे हक्काचे बळ वाया जाते.

मुलांनी चित्रफीत नव्याने केली. आता ती दीड मिनिटाची आहे. फाटलेला पायजमा दप्तराआड लपविणारा मुलगा. त्याला नळाखाली नेणारी बहीण. साबण, वाहते पाणी आणि भिंतीवरचे घड्याळ. जखम पंधरा मिनिटे धुवावयाची, त्यावर हळद, चुना वा मिरचीपूड लावावयाची नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावयाचा. ओरखडा असला तरी हेच करावयाचे. हा तपशील डॉक्टरांकडून तपासून घेतला. आई रागावत नाही; ती आधी रिक्षा बोलाविते. आपल्या इंदुरात घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, म्हणून मोठ्या अक्षरांत हिंदी ओळीही दिल्या. पुष्कळजण चित्रफीत आवाज बंद ठेवूनच पाहतात. संवादाच्या वेळी मोबाइल तोंडाजवळ धरला, त्यामुळे वाहनांच्या गोंगाटात शब्द हरवले नाहीत.

राहिली परीक्षा. 'आवडली का?' असे विचारू नये. 'उद्या काय करशील?' असे विचारावे. आम्ही तिसरीच्या वर्गाला चित्रफीत दाखविली आणि हाच प्रश्न केला. एक चिमुरडा म्हणाला, "नळाखाली पाय धरीन आणि आईला हाक मारीन." त्याने रेबीज हा शब्द उच्चारलाही नाही. माझ्या निबंधाच्या समासातल्या त्या प्रश्नाला मिळालेले इतके नेमके उत्तर मी आजवर ऐकले नव्हते.