टीव्हीला चापट का लागायची?

जुना डबा-टीव्ही बाजूनं एक चापट खाल्ल्याशिवाय चित्र दाखवत नसे, आठवतंय? रिपेअरवाले काका मागचं झाकण काढून दोन शब्दांत निदान करायचे : "ड्राय सोल्डर." तापून-गार होऊन सोल्डरच्या टाक्याला, सुट्या भागाच्या धातूच्या पायाभोवती, केसाएवढी गोल चीर पडायची. चापटेनं ती क्षणभर मिटायची, इतकंच.

टाक्याची गंमत धातूंपासूनच सुरू होते. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, कथील २३२ला. पण ६३ भाग कथिलात ३७ भाग शिसं मिसळा, १८३लाच पाणी! बिनशिशाच्या सोल्डरला मात्र साधारण २१७ अंश तरी लागतात.

तापल्या पातेल्यात कल्हईवाला नवसागर टाकतो, भसकन पांढरा धूर निघतो आणि कथील चकचकीत पसरतं. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो, म्हणून कथील धरतं. सोल्डरच्या तारेच्या पोटात हेच काम राळ करते. (सर्किटवर नवसागर नको हं, मागे उरलेला क्षार तांबं खातो.)

टाका घालताना सोल्डरिंग आयर्नमधून उठणारा धूर शिशाचा नसतो. शिसं उकळायला १७४९ अंश लागतात, आयर्नचं टोक असतं साधारण ३५०वर. धूर राळेचा, पण तोही काही उदबत्तीचा नव्हे, त्यानं दमा जडू शकतो. खिडकी उघडी ठेवा. शिसं पोटात जातं ते बोटांवरून, त्यामुळे तार दातात धरणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार! आधी साबणानं हात, मग वडापाव.

आयर्नचं टोक पॅडला (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला) आणि पायाला एकदम टेकवायचं, तार सांध्याला लावायची, टोकाला नव्हे. दोन-तीन सेकंद पुरे. जमलेला टाका उकडीच्या मोदकासारखा : खाली पसरट, वर निमुळता. बुंदी दिसली, तर पॅड तापलंच नव्हतं.

स्क्रूखाली दाबायच्या तारेच्या टोकाला मात्र सोल्डर पाजू नका. दाबाखाली ते हळूहळू सरकतं, स्क्रू सैल पडतो आणि सांधा तापू लागतो. दोन तारा जोडताना हीट-श्रिंकची (तापवली की आवळणारी) नळी टाका घालण्याआधीच ओवा. नंतर ती सगळ्यांनाच आठवते.

आणि टेबलावरून आयर्न घसरलं, तर झेलायला जाऊ नका. पडू द्या. फरशी सोसते.